बर्र सरळ बसवणं: मार्कर, फॉइल आणि हलका हात

कॉफीच्या ग्राइंडरमध्ये एकही दाणा नसताना तो चालू करा आणि डायल एकेक खूण बारीककडे सरकवत न्या. एका जागी आतून अगदी बारीक चिरचिर ऐकू येईल. ती खूण लक्षात ठेवा. अजून पुढे सरका. आवाज भरून, सलग यायला लागला की ती दुसरी खूण टिपा आणि लगेच बंद करा. हे सगळं काही सेकंदांत उरका, कारण बर्र, म्हणजे दाणे दळणारे एकावर एक बसवलेले दोन दातेरी भाग, कोरडेच एकमेकांवर घासत राहिले की त्यांच्या धारा मरतात.

आता या दोन खुणांमधलं अंतर बघा. एखाद-दुसरी खूण असेल तर तुमचे बर्र छान बसले आहेत, त्यांना हात लावू नका. चार, पाच, सात खुणा असतील तर एक बर्र कलता बसला आहे. त्याचा एक कोपरा समोरच्याला आधी टेकतो आणि बाकीचा घेर अजून दूरच असतो.

हे अंतर आकड्यात काढता येतं. समजा वरच्या बर्रच्या आट्यांची पिच, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात तो जेवढा वरखाली सरकतो ते अंतर, 1.5 मिलिमीटर आहे आणि डायलच्या पूर्ण फेऱ्यात 60 खुणा आहेत. मग एक खूण म्हणजे 0.025 मिलिमीटर. पहिल्या चिरचिरीपासून सलग आवाजापर्यंत चार खुणा गेल्या, तर फरक 0.1 मिलिमीटर झाला. प्रिंटरमध्ये घालतो तो साधा कागद साधारण एवढाच जाड असतो. म्हणजे तुमच्या ग्राइंडरच्या एका बाजूची फट दुसऱ्या बाजूपेक्षा एका कागदाने मोठी आहे. एस्प्रेसोसाठीचा कण साधारण 0.2 ते 0.4 मिलिमीटरचा असतो हे लक्षात घेतलं, की हा कागद केवढा मोठा आहे ते कळतं.

कॉफी बर्रच्या सगळ्या घेरावरून बाहेर पडते. रुंद फटीतून जाडे कण निसटतात, अरुंद फटीत भुकटी होते. जाड्यातून अर्क पुरता उतरत नाही, भुकटीतून नको इतका उतरतो. म्हणून कप एकाच वेळी आंबटही लागतो आणि कडूही, आणि डायल कुठेही फिरवला तरी दोन्हींतलं एक काही हटत नाही. एस्प्रेसोवाल्यांना हे आणखी छळतं. धार फार जोरात पडते म्हणून दळण बारीक करायला जावं, तर हवं तेवढं बारीक व्हायच्या आधीच बर्र एकमेकांना टेकतात.

मी 22 वर्षं एका कारखान्याच्या तपासणी विभागात होते. सरफेस प्लेट, डायल इंडिकेटर, स्लिप गेज ही मापनाची साधनं, हेच माझं रोजचं काम. दोन पृष्ठभाग एकमेकांना खरोखर टेकतात का हे बघायला आम्ही ब्लू मॅचिंग करायचो. एका भागावर निळ्या रंगाचा पातळसा हात फिरवायचा, दुसरा भाग त्यावर हलकेच घासायचा आणि उचलून बघायचं. जिथे निळं उमटलं तिथे टेकतंय, जिथे कोरडं राहिलं तिथे पोकळी. पुढे घरी कॉफीचा नाद लागला, ग्राइंडर आला, आणि लोक व्हाइटबोर्ड मार्करने बर्र रंगवून बघतात हे कळलं तेव्हा मला अगदी घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. हे तर आमचंच काम.

आधी एक स्पष्ट सांगते. तुम्ही फक्त फ्रेंच प्रेससाठी जाडं दळत असाल तर ही खटपट करू नका. त्या जाडीला कागदभर फरक कपात क्वचितच कळतो. बर्र नवे कोरे असतील तरी थांबा. नव्या बर्रच्या धारांवर मशिनिंगचे सूक्ष्म काटे राहिलेले असतात आणि काही किलो कॉफी दळून झाल्यावरच चव स्थिरावते. ग्राइंडरची वॉरंटी चालू असेल तर कुठपर्यंत उघडायची मुभा आहे ते माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

सामान फारसं लागत नाही. व्हाइटबोर्ड मार्कर, स्क्रूच्या खाचेत चपखल बसणारा स्क्रू ड्रायव्हर, राठ केसांचा छोटा ब्रश, लाकडी दातकोरण्या, स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल, धारदार ब्लेड, धागे न सोडणारं कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक वही. मार्कर व्हाइटबोर्डचाच हवा. त्याची शाई पातळ बसते आणि जरा घासलं की निघते. पर्मनंट मार्करची शाई चिवट असते, ती खरोखर टेकलेल्या जागीही तशीच राहते आणि आपल्याला फसवते.

आधी पुसा

प्लग भिंतीतून काढा. स्विच बंद करून भागत नाही, प्लगच हातात आला पाहिजे. मग हॉपर, म्हणजे वरचं दाण्यांचं भांडं, काढा, वरचा बर्र त्याच्या बैठकीसकट सोडवा आणि प्रत्येक पायरीला फोटो काढत जा. शंकूच्या आकाराचे बर्र असलेल्या काही ग्राइंडरमध्ये मधल्या नटाचे आटे उलटे असतात, कारण फिरताना तो सैल न होता घट्ट होत जावा. तो सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी माहितीपुस्तिकेत दिशा बघा.

बर्र बैठकीवरून उचलण्यापूर्वी एक छोटं काम करा. मार्करने बर्रच्या कडेला एक ठिपका द्या आणि त्याच्या अगदी समोर बैठकीवर दुसरा. सपाट बर्र बहुतेकदा तीन स्क्रूंवर असतात, म्हणजे तोच बर्र तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी बसू शकतो. कोणत्या तऱ्हेने बसला होता हे हरवलं, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आता बर्रची पाठ बघा. मी माझ्या ग्राइंडरचा खालचा बर्र पहिल्यांदा उचलला तेव्हा एका स्क्रूच्या भोकाशेजारी नखाएवढा काळा चट्टा दिसला. कॉफीची भुकटी तेलात मुरून, वर्षभर दाबली जाऊन डांबरासारखी घट्ट झाली होती. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागत होतं, वाटलं हा धातूचाच भाग. दातकोरणीने कोरल्यावर पापुद्रा सुटून आला आणि तो मी मायक्रोमीटरमध्ये धरला: 0.08 मिलिमीटर. त्या एका पापुद्र्याने अख्खा बर्र उचलून धरला होता. फॉइलचा विचारही करण्याआधी माझा बराचसा दोष निघून गेला होता.

म्हणून पाठ, बैठक, भोकांच्या कडा, स्क्रूंची डोकी आणि वरच्या बैठकीचे आटे, सगळं कोरडं घासून घ्या. आट्यांत बसलेली भुकटी सगळ्यात लबाड, कारण ती दिसत नाही आणि वरच्या बर्रला दर वेळी निराळा तिरका बसवते. तेलकट जागा अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. पाणी नको. पोलादी बर्र गंजतात आणि गंज धारेवरच आधी चढतो.

स्वच्छ झाल्यावर बैठकीवर बोटाचं टोक हलकं फिरवा. भोकाच्या काठाला मशिनिंगचा काटा किंवा रंगाचा थेंब जाणवला तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, किंवा बारीक दगडाने, तेवढाच उंचवटा काढा. बर्रच्या दातांना मात्र कधीही पॉलिश पेपर लावू नका, कानस तर नाहीच.

बर्र परत बसवताना ठिपका ठिपक्यासमोर आणा. तिन्ही स्क्रू आधी बोटांनी टेकेपर्यंत फिरवा. मग प्रत्येकाला पाव-पाव फेरा देत आळीपाळीने आवळा. एकच स्क्रू आधी पुरता आवळला की बर्र त्या बाजूला दबतो आणि दुसरी बाजू उचलली जाते, आणि नंतर बाकीचे दोन कितीही आवळले तरी तो कल पूर्ण जात नाही. जोर मनगटाचा असावा, खांद्याचा नको. बैठक अनेकदा अॅल्युमिनियमची असते आणि तिच्यातले आटे एकदा मेले की परत येत नाहीत.

सुरुवातीची आवाजाची चाचणी आता पुन्हा करा. पुष्कळांचं काम इथेच संपतं.

शाईची चाचणी

अंतर अजून शिल्लक असेल तर प्लग पुन्हा काढा आणि मार्कर घ्या. बर्रच्या अगदी बाहेरच्या काठाला दातांचे सपाट माथे असतात. फट सगळ्यात अरुंद असते ती तिथेच. तेवढाच घेर रंगवा, आतले मोठे दात नकोत. एकच हात फिरवा. शाई दोनदा दिली की थर जाड होतो. आणि दोन्ही बर्र रंगवा, वरचाही आणि खालचाही. पुष्कळ जण एकच रंगवतात आणि तिथेच त्यांची वाट चुकते. ते का, हे पुढे सांगते.

शाई मिनिटभर वाळू द्या. वरचा बर्र बसवून डायल बारीककडे न्या आणि खालचा बर्र हाताने फिरवत राहा. काही ग्राइंडरमध्ये खालून शाफ्ट, म्हणजे बर्र फिरवणारा दांडा, हाताला लागतो, काहींत दाणे पडायच्या भोकातून लाकडी काडीने ढकलावं लागतं. पहिला स्पर्श हाताला जाणवेल, वाळूचा कण आल्यासारखा. त्याच्या पुढे जेमतेम अर्धी खूण सरका, दोन-तीन पूर्ण फेरे द्या आणि थांबा.

इथे माझ्या हातून जे झालं ते सांगते. पहिल्या वेळी मी डायल चांगला दाबून आवळला होता. उघडलं तर दोन्ही बर्रांची शाई घेरभर साफ. मला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी सगळं बंद करून टाकलं. कॉफी मात्र होती तशीच लागली, आठवडाभर. मग लक्षात आलं की जोर लावल्यावर बैठक, आटे, बेअरिंग सगळं थोडं थोडं वाकतं आणि कलता बर्रही दाबाखाली सपाट टेकतो. 22 वर्षं ब्लू मॅचिंग केलेल्या हाताने हे विसरायला नको होतं. दाबून बघितलं की सगळंच जुळतं.

एकाच चाचणीवर भरवसाही ठेवू नका. शाई पुसा, पुन्हा लावा, पुन्हा बघा. दोन्ही वेळा शाई एकाच जागी निघाली तर दोष खरा आहे. जागा दर वेळी बदलत असेल तर वरच्या बैठकीच्या आट्यांत ढिलाई आहे आणि ती बैठक दर वेळी वेगळी टेकते. तिथे फॉइल लावून उपयोग नाही. आट्यांवर नळ बसवताना वापरतात ती टेफ्लॉन टेप एक-दोन वेढे गुंडाळा, आट्यांच्या दिशेने, म्हणजे बैठक फिरवून बसवताना टेप उलगडणार नाही. डायल जरा जड फिरेल, पण बैठक डुलायची थांबेल. टेपचे धागे आत लोंबत नाहीत ना, एवढं बघा.

दोष कोणाचा, ते कसं ओळखायचं

शाई पुसलेली दिसली की बहुतेकांचा हात लगेच फॉइलकडे जातो. जरा थांबा. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले, तर ते कुठे टेकतात तेवढं कळतं. वाकडा कोणता, हे कळत नाही. यंत्रशाळेतली ही जुनी अडचण आहे. इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 साली ग्लासगोमध्ये अचूक सपाट पृष्ठभाग कसे बनवावेत यावर निबंध वाचला. त्यांच्या पद्धतीत प्लेटा दोन नसतात, तीन असतात, आणि त्या आळीपाळीने एकमेकींशी जुळवल्या जातात. दोन प्लेटा एक खोलगट आणि एक फुगीर असूनही एकमेकींत छान बसू शकतात. तिसरी आली की खोटं उघडं पडतं.

आपल्याकडे तिसरा बर्र नाही, पण फिरणं आहे. तेच तिसऱ्या प्लेटचं काम करतं.

खालचा बर्र फिरतो आणि वरचा स्थिर आहे असं धरू. वरचा कलता असेल तर त्याचा एकच कोपरा खाली लोंबतो. खालचा बर्र फिरताना त्याचा सगळा घेर त्या कोपऱ्याखालून जातो. म्हणून खालच्याची शाई गोल फिरून सगळी निघते आणि वरच्याची फक्त त्या एका कोपऱ्यात. याच्या उलट, खालचा कलता असेल तर त्याचा उंच कोपरा फिरत फिरत वरच्याच्या सगळ्या घेराला घासतो. तेव्हा वरच्याची शाई सगळी जाते आणि खालच्याची एकाच जागी.

म्हणजे ज्याची शाई अर्धवट पुसली गेली, तो बर्र कलता आहे. ज्याची सगळी पुसली गेली, तो सरळ आहे. मन उलटं सांगतं. ज्याची शाई सगळीकडून निघाली त्यालाच काहीतरी झालंय असं वाटतं, आणि एकच बर्र रंगवणारा माणूस तिथे फसतो, कारण सरळ बर्र रंगवला असेल तर त्याला सगळं ठीक दिसतं. दोन्हींची शाई अर्धवट निघाली तर दोन्ही कलते आहेत. मग आधी खालचा सरळ करा, चाचणी पुन्हा करा, मगच वरच्याकडे या. दोघांनाही एकदम हात घातला तर कशामुळे काय बदललं ते कळणार नाही.

कलता बर्र सापडला तरी फॉइल अजून नको. तीन स्क्रू सोडा, बर्र एक भोक पुढे, म्हणजे 120 अंश फिरवून बसवा आणि पुन्हा शाई लावून बघा. पुसलेली जागा बर्रच्या ठिपक्याबरोबर पुढे सरकली, तर बर्रची जाडी कमी-जास्त आहे. ती बैठकीच्या ठिपक्यापाशी जिथल्या तिथे राहिली, तर बैठक कलती आहे. दोन्हींत थोडा थोडा दोष असेल तर तीनपैकी एका तऱ्हेत ते एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. तिन्ही तऱ्हा करून बघा, प्रत्येकीचा फोटो ठेवा आणि सगळ्यात कमी वाईट असेल ती निवडा. यात तासभर जातो, पण मग फॉइलचे थर कमी लागतात. आणि थर कमी तेवढं बरं, कारण प्रत्येक थर ही सुरकुती पडायची एक नवी जागा असते.

फॉइल

घरातली अॅल्युमिनियम फॉइल साधारण 0.01 ते 0.02 मिलिमीटर जाड असते. यंत्रकामात भागाखाली जी पातळ पट्टी घालून उंची साधतात तिला शिम म्हणतात, आणि आपली शिम म्हणजे ही फॉइल.

शाई जिथे पुसली गेली तो कोपरा उंच. तिथे काही घालायचं नाही. जिथे शाई तशीच्या तशी ताजी उरली आहे ती बाजू खोल गेली आहे, तिला उचलायचं. म्हणून फॉइल ताज्या शाईच्या बरोबर पाठीमागे, बर्र आणि बैठकीच्या मध्ये. वरचा बर्र असला तरी नियम हाच. त्याच्या ताज्या शाईच्या पाठीमागे फॉइल गेली की ती बाजू समोरच्या बर्रकडे ढकलली जाते.

तुकडा नखापेक्षा लहान पुरतो. ब्लेडने कापा. कात्रीने कापलेल्या फॉइलची कडा मुडपते आणि मुडपलेली कडा म्हणजे दुप्पट जाडी. काचेवर ठेवून चमच्याच्या पाठीने एकदा सपाट करा. स्क्रूचं भोक तुकड्याखाली झाकलं जाऊ नये. तुकडा जागेवर टिकावा म्हणून बोटाला लागेल इतकाच तेलाचा अंश पुरतो, गोंद लावू नका, त्याचा थर फॉइलपेक्षा जाड भरतो. तुकडा मध्याकडे जितका सरकवाल तितका बाहेरच्या काठावर परिणाम वाढतो, हे तरफेचं साधं गणित आहे. म्हणून दोन चाचण्यांमध्ये तुकड्याची जागा बदलू नका, फक्त थर बदला.

किती थर, याचा अंदाज सुरुवातीच्या आकड्यावरून येतो. फरक 0.06 मिलिमीटर निघाला आणि फॉइल 0.015 ची असली तर चार थर होतात. मी दोनवर सुरू करते. आळीपाळीने स्क्रू आवळायचे, शाई, फेरे, उघडून बघायचं. पुसलेला पट्टा लांब व्हायला लागला की दिशा बरोबर आहे. ताजी शाई आक्रसत जाते, आधी अर्धा घेर, मग पाव, मग दोन स्क्रूंच्या मधली एक छोटी चंद्रकोर. आणि एका वेळी असं होतं की नवा थर घातल्यावर ताजी शाई अचानक समोरच्या बाजूला दिसते. तो थर जास्त झाला. काढा.

हे बघताना खिडकीपाशी बसा आणि बर्र हळूहळू कलता करा. शाई निघालेला दाताचा माथा चकाकतो, उरलेला मंद निळा दिसतो. पण मधे तिसराही प्रकार असतो: माथ्याच्या फक्त एका कडेवर केसासारखी चमकती रेघ. तिथे बर्र नुकताच टेकू लागला आहे. असे रेघवाले दात उरलेल्या चंद्रकोरीत सलग दिसू लागले की मी हात आवरते. त्याच्या पुढचा फरक फॉइलच्या एका थरापेक्षा लहान असतो, म्हणजे आपल्याकडे तो मोजायलाही काही नाही आणि भरायलाही. घेराचा 100 टक्के भाग साफ पुसला गेला पाहिजे या हट्टापायी लोक रात्री घालवतात आणि शेवटी जोर लावून तो पुसतात.

शंकूचे बर्र आणि हाताचे ग्राइंडर

इथे काम वेगळं आहे आणि थोडक्यात आटोपतं. सपाट बर्रांत दोन चकत्या समांतर असण्याला महत्त्व, शंकूत आतला बर्र बाहेरच्या कड्याच्या बरोबर मध्यावर असण्याला. आतला एका बाजूला सरकला की एकीकडची फट अरुंद आणि समोरची तेवढीच रुंद होते.

हाताच्या ग्राइंडरमध्ये आधी शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवून बघा. टकटक जाणवली तर ढिलाई बेअरिंगमध्ये आहे. शाफ्ट पक्का असेल आणि बाहेरचा बर्र स्क्रूंनी बसवलेला असेल तर ते स्क्रू अर्धा फेरा सैल करा, काढू नका. मग डायल हळूच बंद करत न्या. आतला शंकू वर चढत कड्यात शिरतो आणि सैल झालेल्या कड्याला स्वतःच मध्यावर आणतो. हँडल अडेल इतपत टेकलं की तसंच ठेवून स्क्रू आळीपाळीने आवळा. नंतर डायल दोन-तीन खुणा मोकळा करून, ग्राइंडर आडवा धरून हँडल सोडून द्या. ते कुठेही न अडखळता आपल्या वजनाने खाली आलं पाहिजे. बाहेरचा बर्र दाबून बसवलेला असेल, स्क्रू नसतील, तर त्याला हात लावू नका.

आणि जे फॉइलने सुधारत नाही तेही सांगायला हवं. विजेच्या ग्राइंडरचा शाफ्ट वरखाली किंवा आडवा हलत असेल तर बेअरिंग गेलं आहे. मॅग्नेटिक स्टँडवरचा 0.01 मिलिमीटरचा डायल इंडिकेटर हाताशी असला तर शाफ्टला टेकवून ढकलून-ओढून बघा, काटा लगेच सांगतो. नसला तर बोटांनाही पुष्कळ कळतं. हलत्या शाफ्टवर बर्र कितीही सरळ बसवला तरी दाणे पडले की तो ढकलला जाणारच. आधी बेअरिंग बदला.

सगळं झाल्यावर

शाई अल्कोहोलने पूर्ण काढा, दातांच्या खाचांतूनही. अल्कोहोल उडून जाऊ द्या. नको असलेले वीस-तीस ग्रॅम दाणे दळून टाकून द्या. मग चिरचिरीची नवी खूण शोधून तिलाच शून्य माना.

जुने आकडे विसरा. बर्र आता आधीपेक्षा जवळ येऊन मग टेकतात, त्यामुळे शून्य बारीककडे सरकलेलं असतं. एस्प्रेसोचं माप शून्यापासून पूर्वीपेक्षा जास्त खुणांवर मिळतं. माझ्या ग्राइंडरवर ते आधी चिरचिरीपासून दोन खुणांवर होतं, आता सातवर आहे. त्या पाच खुणांच्या जागेत मला पहिल्यांदाच बारीक-जाडं करून चव शोधता आली. पहिले काही कप एकाच दाण्याचे, एकाच वजनाचे करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

पुढच्या सफाईला बर्र उचलाल तेव्हा फॉइलचे तुकडे सरकतील, एखादा कापडाला चिकटून जाईल. म्हणून आत्ताच लिहून ठेवा. माझ्या ग्राइंडरच्या तळाला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: खालचा बर्र, ठिपका दुसऱ्या भोकासमोर, फॉइल पहिल्या आणि तिसऱ्या स्क्रूच्या मध्ये, तीन थर, वरच्याला काही नाही, चिरचिर 4 वर.